सहदर्शनाची घडण

चित्रपटाच्या धंद्याने देशाची जी वाटणी करून ठेवली आहे, तिच्यात ‘सी. पी. बेरार’ हे नाव अद्याप जिवंत आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड हा प्रांत दप्तरी इतिहासजमा होऊन कित्येक दशके लोटली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. परंतु वितरकांच्या वहीखात्यांतून त्या प्रांताची सरहद्द काही पुसली गेली नाही, आणि या मुलखाच्या चित्रपटव्यापारातील एक मातबर पेठ म्हणून अमरावतीचा लौकिकही राहिला. फिल्मच्या त्या काळात चित्रपट गावात येई तो पत्र्याच्या पेटीतून. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचे हजार फुटांचे एक रीळ पडद्यावर सुमारे अकरा मिनिटे चाले, आणि अडीच तासांच्या चित्रपटाची अशी तेरा-चौदा रिळे होत. प्रत महाग असल्यामुळे देशातील पुष्कळ गावांत एकाच प्रतीवर दोन चित्रपटगृहे चालविण्याची वहिवाट होती: पहिल्या गृहात काही रिळे दाखवून संपली की ती घेऊन एक माणूस सायकलवरून दुसऱ्या गृहाकडे धाव घेई, आणि तेथला खेळ तेवढ्याच अंतराने उशिरा लावलेला असे. वाटेत सायकल पंक्चर झाली तर दुसऱ्या गृहातील प्रेक्षक अंधारात शिट्ट्या मारीत बसत. एका गावातील दोन समूह एकाच विनोदावर अर्ध्या तासाच्या अंतराने हसत असत. पण एकाचे हसू दुसऱ्याच्या कानी पडत नसल्यामुळे त्या अंतराचे कोणाला सोयरसुतक नसे.

प्रस्तुत प्रकरणात आपणांस ज्या सोयीच्या रचनेचा विचार करावयाचा आहे, तिच्यात मात्र एकाचे हसू दुसऱ्याच्या कानी पडते, आणि म्हणूनच ते अंतर सहन होत नाही. अकोल्यात जठारपेठेतील घरी आजी-आजोबा, पुण्यात हिंजवडीला नोकरी करणारा नातू आणि न्यू जर्सीत संसार थाटलेली नात, अशी तीन ठिकाणी विखुरलेली माणसे एकाच वेळी एकच चित्रपट पाहू इच्छितात, मध्येच बोलू इच्छितात, हसू इच्छितात, चहा ठेवावयास उठताना ‘जरा थांबवा’ म्हणू इच्छितात. या इच्छेची पूर्तता ज्या यंत्रणेने होते, तिला आपण येथे सहदर्शन म्हणू. वऱ्हाडातील मध्यमवर्गीय घरांच्या दृष्टीने ही काही चैनीची बाब नव्हे. अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ या जिल्ह्यांतून शिकून बाहेर पडणारी मुले गेल्या तीस वर्षांत पुण्या-मुंबईकडे आणि तेथून समुद्रापार गेली. घरे तशीच राहिली, त्यांतील माणसे मात्र दोन-तीन उरली. ‘अशी ही बनवाबनवी’ हा १९८८ सालचा चित्रपट त्या दोन-तीन माणसांनी कितीदा पाहिला असेल, याची गणती नाही. संवाद पाठ आहेत, पुढे काय घडणार हे ठाऊक आहे. तरीही तो पुन्हा लावला जातो, तो सोबत हसण्यासाठी. सहदर्शनाच्या रचनाकाराने ही गोष्ट प्रथम मनाशी पक्की धरली पाहिजे, कारण पुढील सर्व निर्णय तिच्यातून निघतात.

या सोयीचा इतिहास अल्प आहे. २०१५ साली ‘नेटफ्लिक्स पार्टी’ या नावाची एक जोडणी संगणकाच्या ब्राउझरसाठी निघाली, ती पुढे ‘टेलिपार्टी’ झाली. २०२० च्या टाळेबंदीने या कल्पनेला एकाएकी बळ दिले. आपल्याकडे २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविण्यास आरंभ केला, तेव्हा घराघरांतून एका ठरावीक वेळी एकाच पडद्यापुढे बसण्याची जुनी सवय काही आठवड्यांपुरती परत आली, हे अनेकांस स्मरत असेल. त्याच वर्षी ॲमेझॉनने आपल्या चित्रपटसेवेत शंभर जणांपर्यंतची, तर डिस्नेने सात जणांपर्यंतची सामूहिक दर्शनाची सोय आणली. २०२१ मध्ये ॲपलने ती दूरध्वनीच्या दृश्य-संभाषणाशी जोडली. डिस्नेने २०२३ मध्ये आपली सोय काढूनही घेतली. सोय निर्माण करणे एक आणि ती घरच्या वहिवाटीत रुजणे दुसरे, हे यातून दिसते. आणि आमच्या मते त्या रुजण्याचे मर्म एका साध्या प्रश्नात आहे: मंडळींपैकी एखादा मागे पडला तर बाकीच्यांनी काय करावयाचे? त्या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी यंत्रणेची मूळ बांधणी समजून घेतली पाहिजे.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर करू. एकाच्या घरी चित्रपट चालतो आणि त्याचे चित्र बाकीच्यांकडे पाठविले जाते, अशी बहुतेकांची कल्पना असते. तसे करणे तांत्रिकदृष्ट्या कमी प्रतीचे आणि कायद्याच्या दृष्टीने आक्षेपार्ह आहे. कुलूपबंद केलेला चित्रपट पडदा-वाटपाने दुसऱ्यास दाखवू गेल्यास पलीकडे बहुधा काळा चौकोनच दिसतो, तो याच बंदोबस्तामुळे. चांगल्या रचनेत प्रत्येक सभासद आपल्या वर्गणीच्या हक्काने, आपल्या नजीकच्या सर्व्हरवरून, आपली स्वतंत्र प्रत पाहत असतो. सभासदांमध्ये जे पाठविले जाते ते केवळ चार-दोन आकड्यांचे टिपण: कोणता चित्रपट, तो कोणत्या क्षणी कोणत्या जागी होता, चालू आहे की थांबलेला, आणि कोणत्या गतीने चालू आहे. समजा, टिपण असे आहे की रात्री नऊ वाजून शून्य सेकंदांनी चित्रपट बाराव्या मिनिटाच्या चाळिसाव्या सेकंदावर होता व नेहमीच्या गतीने चालू होता. नऊ वाजून पंचवीस सेकंदांनी जो फोन हे टिपण वाचील, त्यास दुसऱ्या कोणास काही न विचारता कळते की आता आपण तेरा मिनिटे पाच सेकंदांवर असावयास हवे. क्षणोक्षणी निरोप धाडण्याचे कारण नाही. कोणी थांबविले, पुढे नेले वा नवा सभासद आला, तरच नवे टिपण निघते. इतक्या थोडक्या सामग्रीवर एवढी मोठी सोय उभी राहते, यात विलक्षण सौंदर्य आहे.

परंतु या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे सर्वांची घड्याळे एक आहेत. घड्याळांचा हा मामला वऱ्हाडास नवा नाही. अमरावती ही अकोल्याच्या पूर्वेस रेखांशाच्या सुमारे पाऊण अंशावर आहे. सूर्याला एक अंश चालावयास चार मिनिटे लागतात, म्हणजे अमरावतीस माध्यान्ह होते त्यानंतर तीन मिनिटांनी अकोल्यास होते. बैलगाडीच्या जगात या तीन मिनिटांची कोणास गरज नव्हती. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रस्ता भुसावळ सोडून अकोला, बडनेरा असा करीत १८६७ साली नागपुरास पोहोचला, आणि गाडी सुटण्याची वेळ ही सूर्याकडे पाहून ठरविण्याची गोष्ट उरली नाही. रेल्वेने मद्रास वेधशाळेची वेळ स्वीकारली आणि तारायंत्राच्या द्वारे ती स्टेशनोस्टेशनी पोहोचविली; अमरावतीच्या सूर्याच्या मानाने ती दहा मिनिटे पुढे होती, अकोल्याच्या मानाने तेरा. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशाची प्रमाणवेळ मुक्रर झाली, तरी मुंबई शहराने ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्वतंत्र वेळ नंतरही कित्येक दशके चालू ठेवली. दूरदूरच्या लोकांना एक काम एका क्षणी करावयाचे असेल तर आधी त्या क्षणाविषयी एकमत व्हावे लागते, हा धडा रेल्वेने दिला. सहदर्शनास तोच धडा सेकंदाच्या अंशापर्यंत गिरवावा लागतो.

फोनमधील घड्याळ एक-दोन सेकंदांनी, क्वचित त्याहूनही अधिक चुकलेले असते. ते दुरुस्त करण्याची रीत १९८९ साली फ्लावियू क्रिस्तियान या संगणकशास्त्रज्ञाने मांडली, ती अशी. फोन सर्व्हरला विचारतो, ‘किती वाजले?’ आणि प्रश्न धाडल्यापासून उत्तर येईपर्यंत किती वेळ गेला हे मोजतो. जाण्यायेण्यास एकूण दोनशे मिलिसेकंद लागले असतील, तर उत्तर निघून शंभर मिलिसेकंद झाले असावेत असे मानून तो आलेल्या वेळेत शंभर मिळवितो. जाण्याचा आणि येण्याचा वेळ नेहमी समान असतोच असे नाही. विशेषतः मोबाइलच्या गर्दीच्या मनोऱ्यावर तो बराच विषम असतो. म्हणून हाच प्रश्न सात-आठ वेळा विचारून ज्या फेरीस सर्वांत कमी वेळ लागला, तिचे उत्तर प्रमाण धरतात, कारण त्या फेरीत चुकीला जागाच थोडी उरते. इंटरनेटवरील घड्याळे जुळविण्याची जी सर्वमान्य पद्धती डेव्हिड मिल्स यांनी १९८५ पासून घडवीत नेली, तिचेही तत्त्व मूलतः याच जातीचे आहे.

येथे वाचकास वाटेल की खरी अडचण अंतराची असणार. वस्तुतः तसे नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. अकोल्याहून पुणे सरळ रेषेत चारशे किलोमीटर आहे, म्हणजे दोन मिलिसेकंदांचा रस्ता. न्यू जर्सी सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवर, म्हणजे साठ-पासष्ट मिलिसेकंदांचा. वळणे, थांबे व उपकरणे यांचा वेळ मिळविला तरी तो सेकंदाच्या पावाहून फारसा अधिक होत नाही. नातीचे अमेरिकेत असणे हे सहदर्शनाच्या आड येत नाही. आड येते ते आजीच्या घरातील शेवटच्या शंभर पावलांचे जाळे. तिसऱ्या खोलीत रेंज नसते, संध्याकाळी आठनंतर सारी गल्ली नेटवर असते, आणि पावसाळ्यात वीज गेली की वायफायही जाते. अंतराची चिंता फक्त एके ठिकाणी करावी लागते, ती म्हणजे बैठकीची वेळ ठरविताना: रविवारी सकाळी नऊ वाजता अकोल्यात चहा झालेला असतो, तेव्हा न्यू जर्सीत हिवाळ्यात शनिवारचे रात्रीचे साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. ॲपने निमंत्रणात प्रत्येकास त्याच्या गावची वेळ दाखवावी. हा हिशेब आजोबांच्या बोटांवर सोडू नये.

बरे, घड्याळे जुळली. पण पडदे किती जुळले म्हणजे पुरे? २०११ साली व्हँकुव्हर येथील परिषदेत बेल्जियम व नेदरलँड्समधील संशोधकांनी याविषयी केलेले प्रयोग मांडले होते. त्यांचे तात्पर्य असे, की एका सेकंदापर्यंतचे अंतर सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही, दोन सेकंदांच्या पुढे मात्र ते बोलत-बोलत पाहणाऱ्यांना जाचू लागते. लिहून गप्पा मारणारे याहून अधिक अंतर चालवून घेतात, कारण लिहिण्यातच काही सेकंद जातात. यावरून रचनाकाराने आपले ध्येय अर्ध्या सेकंदाच्या आत ठेवावे. कोणी किंचित मागे पडला तर त्याला एकदम उडी मारावयास लावू नये. उडीत संवादाचा शब्द तुटतो. त्याचा चित्रपट शंभरास पाच या मानाने वेगात चालवावा. आवाजाची पट्टी कायम राखून केलेला एवढा फरक बहुतेक कानांना जाणवत नाही, आणि एका सेकंदाची पिछाडी वीस सेकंदांत भरून निघते. पिछाडी पाच-सात सेकंदांवर गेली असेल तरच उडी मारावी, आणि तीही शक्यतो दृश्य बदलते त्या जागी. गाण्याच्या वेळी मात्र गतीशी खेळ करू नये, असा आमचा आग्रह आहे. ज्याला ताल कळतो त्याला तो फरक कळतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आजचा चित्रपटही रिळांतूनच येतो. ॲपलने २००९ साली काढलेल्या व आज सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीत चित्रपटाचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकडा चार-पाच प्रतींत, म्हणजे ठसठशीत ते पुसट अशा निरनिराळ्या वजनांत, सर्व्हरवर तयार असतो, आणि फोन आपल्या नेटच्या ताकदीप्रमाणे एकामागून एक तुकडे मागवून थोडे पुढचे साठवीत जातो. साठा संपला आणि पुढचा तुकडा आला नाही, की पडद्यावर ते वर्तुळ फिरू लागते. एकट्याने पाहताना ही किरकोळ पीडा असते. सहदर्शनात तिचा गुणाकार होतो. सहा सभासद आहेत आणि प्रत्येकाचे नेट तासातून एकूण एक मिनिट, पण वेगवेगळ्या वेळी अडते असे धरा. कोणी अडला की सर्वांनी थांबावे हा नियम केल्यास बैठक तासात सहा मिनिटे आणि तीन तासांच्या चित्रपटात अठरा मिनिटे खोळंबते. न थांबावे हा नियम केल्यास ज्याचे नेट सर्वांत अशक्त तो वारंवार मागे पडतो, उड्या मारीत कथा गाळतो, आणि शेवटी उठून जातो.

तो कोण असतो, हे सांगावयास नको. अशा वेळी वऱ्हाडातील आजी काय म्हणते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना रचनेचे शास्त्र निराळे शिकविण्याची गरज नाही. ती म्हणते, “तुमी पाहा बाबू, माह्यासाठी थांबू नोका. माह्या इथं गोलच फिरून राह्यलं.” नातू म्हणतो, “आजी, तू घाई नको करू, आमी थांबतो.” पण दोनदा-तीनदा असे झाले की आजीला आपला भार वाटू लागतो, आणि पुढच्या रविवारी ती ‘डोळे दुखतात’ असे काही निमित्त सांगून बैठकीस येतच नाही. ज्या माणसाच्या सोबतीसाठी ही सारी खटपट, तेच माणूस यंत्रणेने अशा रीतीने बाहेर काढले म्हणजे बाकी सर्व अचूक असूनही ती यंत्रणा व्यर्थ आहे.

म्हणून आमचे मत असे, की सहदर्शनाची सर्व तजवीज सर्वांत मागे असलेल्या सभासदाकडून पुढे करीत यावी. आरंभीच, सर्वांच्या फोनांत निदान एका मिनिटाचा साठा होईपर्यंत पडदा उघडू नये; तोवर गप्पा चालू द्याव्यात, कारण तशीही पहिली दहा मिनिटे ‘जेवण झालं का’ यातच जातात. बैठक चालू असता प्रत्येक फोनाने आपला साठा किती उरला याची वर्दी सर्व्हरकडे देत राहावी, आणि ज्याचा साठा आटत चालला असेल त्याचे चित्र, वर्तुळ फिरण्याची वाट न पाहता, आधीच हलक्या प्रतीचे करावे. सेकंदास एक मेगाबिट या दराची प्रत तासाला ४५० मेगाबाइट खाते. तिच्या तिसऱ्या हिश्शाचे चित्र पुसट असले तरी अखंड असते, आणि लहान पडद्यावर आजीला पुसट चित्र चालते, तुटलेले चालत नाही. त्याहून बिकट प्रसंगी चित्र थिजू द्यावे पण आवाज चालू ठेवावा: संवादांना चित्राच्या मानाने अत्यल्प जागा लागते, आणि आकाशवाणीवरील श्रुतिका ऐकत वाढलेल्या पिढीला नुसत्या आवाजावर कथा धरून ठेवता येते. याच्या जोडीला एक युक्ती अशी करावी, की मागच्याचा साठा घटू लागताच सर्वांचाच चित्रपट शंभरास पाच या मानाने मंद करावा. दोन मिनिटांत सहा सेकंदांची सवड मिळते, म्हणजे नेमका एक तुकडा. बहुतेक लहानसहान अडचणी एवढ्यात निभावतात, आणि कोणी कोणासाठी थांबले याचा पत्ताही लागत नाही.

इतके करूनही थांबण्याची वेळ आलीच, तर सर्वांनी एकदम थांबावे, आणि पडद्यावर ‘थोडे थांबलो आहोत’ एवढेच यावे. कोणाच्या नेटमुळे थांबलो, त्याचे नाव कदापि येऊ नये. अभियंत्यांना अशा जागी संपूर्ण माहिती देण्याची हौस असते, आणि इतरत्र ती हौस स्तुत्य आहे. येथे ती एका वृद्ध माणसाला चारचौघांत ओशाळे करते. अर्ध्या मिनिटात गाडी रुळावर आली नाही तर बैठकीस विचारावे: आणखी थांबावयाचे, की पुढे जाऊन मागच्यास नंतर गाठू द्यावयाचे? हा निर्णय माणसांचा आहे. यंत्राने तो आपल्या अखत्यारीत घेऊ नये.

निर्णयांचा विषय निघालाच आहे, तर अधिकाराचाही निकाल लावू. बहुतेक सोयींत बैठक भरविणाऱ्याकडेच सर्व अधिकार असतात, कित्येकांत सर्वांकडे सर्व असतात. दोन्ही टोके घरगुती बैठकीस गैरसोयीची आहेत. थांबविण्याचा आणि पुन्हा चालू करण्याचा अधिकार प्रत्येकास असावा: दारावर कोणी आले, कुकरची शिटी झाली, आजोबांना गोळी द्यावयाची राहिली, तर त्याने परवानगीचा अर्ज कोणाकडे करावयाचा? पुढे-मागे नेणे आणि चित्रपटच बदलणे हे अधिकार मात्र बैठक भरविणाऱ्याकडे राहावेत, आणि तो उठून गेल्यास त्याने नेमलेल्या मुखत्याराकडे. दोघांनी एकाच वेळी बटण दाबले तर? येथे एक बारीक पण घातक चूक नेहमी होते. बटणाचा निरोप ‘अवस्था उलट करा’ असा पाठविला, तर दोघांनी थांबविण्यासाठी दाबलेल्या बटणांचा परिणाम एकमेकांस रद्द करतो आणि चित्रपट चालूच राहतो. निरोप ‘तेरा मिनिटे पाच सेकंदांवर थांबा’ असा संपूर्ण असावा. मग तो दोनदा आला तरी बिघडत नाही, आणि उशिरा पोहोचला तरी फोन एखादे सेकंद मागे येऊन त्याच जागी थांबतो. परस्परविरुद्ध हुकूम आले, तर कोणता आधीचा हे फोनांच्या घड्याळांवरून ठरवू नये. सर्व्हरने आलेल्या क्रमाने अनुक्रमांक घालावा आणि सर्वांनी तोच क्रम पाळावा. विखुरलेल्या यंत्रांत ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांचा अर्थ क्रमाने लावावा, घड्याळाने नव्हे, हा विचार लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली एका निबंधात मांडला. संगणकशास्त्रातील तो एक मूलभूत निबंध आहे. थांबल्यानंतर पुन्हा चालू करताना चार-पाच सेकंद मागून सुरुवात करावी, म्हणजे तुटलेला संवाद पुरा ऐकू येतो.

क्रिकेटचा सामना हे प्रकरण निराळे, कारण तेथे थांबताच येत नाही. जुलै २०१९ मध्ये मँचेस्टर येथे भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच क्षणी २ कोटी ५३ लक्ष पडद्यांवर चालू होता; १९ नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबाद येथील अंतिम सामन्याच्या वेळी हा आकडा ५ कोटी ९० लक्षांपर्यंत गेला. हे सारे प्रेक्षक एकाच वेळी पाहत होते, पण एकाच क्षणी पाहत नव्हते. सहा सेकंदांचा तुकडा भरल्याशिवाय पाठविता येत नाही आणि फोन असे तीन तुकडे हाताशी ठेवूनच सुरुवात करतो. चित्र बांधण्या-उलगडण्याचा वेळ त्यात मिळविला म्हणजे ॲपवरील सामना मैदानाच्या वीस-तीस सेकंद मागे पडतो. शेजारच्या घरी डिश असेल तर विकेटची आरोळी भिंतीपलीकडून आधी येते, हा अनुभव गल्लीगल्लीत आहे. तुकड्याचे आणखी बारीक तुकडे करून हा विलंब घटविण्याच्या पद्धती पुढे आल्या आहेत. पण कुटुंबाच्या बैठकीस त्यांची फारशी मातब्बरी नाही. बैठकीतील सर्वांत मागचा जितका मागे आहे, त्याहून किंचित अधिक मागे सर्वांनाच नेऊन बसवावे, हा येथला उपाय. शेजाऱ्याची आरोळी मग सर्वांनाच आधी ऐकू येईल, पण आपल्या माणसांत कोणी कोणाचा षटकार फोडणार नाही.

बोलण्याची सोय हा या सर्वांचा प्राण. टंकलिखित गप्पा तरुणांना पुरतात. परंतु चष्मा शोधून, कळफलकावर अक्षर शोधून लिहीपर्यंत दृश्य निघून जाते, आणि अर्धा पडदा कळफलकाने व्यापला जातो, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी आवाजच हवा. आवाजास दोन पथ्ये आहेत. दूरध्वनीवरील संभाषण सहज वाटावयाचे तर एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे प्रमाण आहे. म्हणून चित्रास साठा करू द्यावा, आवाजास करू देऊ नये. दुसरे असे, की आजीच्या टीव्हीचा आवाज तिच्या फोनाच्या माइकमधून नातवाच्या कानी गेला तर चित्रपट दोनदा ऐकू येतो. फोनाला स्वतःच्या कर्ण्यातून काय बाहेर पडते हे ठाऊक असते, म्हणून तो ते वजा करू शकतो; खोलीतील निराळ्या टीव्हीचे त्याला ठाऊक नसते. यासाठी टीव्हीवरील ॲपने चालू क्षण फोनाला कळवीत राहावे, म्हणजे तोच ध्वनी ओळखून वगळता येतो. कोणी बोलू लागला की चित्रपटाचा आवाज थोडा उतरावा आणि बोलणे संपताच पूर्ववत व्हावा. एवढ्या एका गोष्टीने बैठकीस घरपण येते.

निमंत्रणाविषयी अधिक लिहावयास नको. दुवा ठरावीक मुदतीचा असावा, अनोळखी माणूस आत येऊ पाहील तर आधी विचारले जावे, आणि कोण काय पाहतो याची नोंद बैठकीबाहेर कोणास दिसू नये.

एक विनंती करावयाची आहे, ती वऱ्हाडातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून उभे आहे, बडनेऱ्यास व शेगावला नंतरची महाविद्यालये आहेत, आणि अशी ॲपे बांधणाऱ्या कचेऱ्यांत येथून गेलेली मुले आज काम करीत आहेत. कचेरीतील वेगवान जोडणीवर सहदर्शन सुरेख चालते, पण त्या चालण्याने काही सिद्ध होत नाही. मेळघाटातील हरिसाल येथे मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ‘डिजिटल गाव’ उभारण्याचा प्रयोग झाला, कारण तेथील डोंगरदऱ्यांत साधी रेंज मिळणेही दुष्कर होते; धारणी-चिखलदऱ्याच्या बाजूस आजही अशी गावे आहेत. तुमच्या सोयीची परीक्षा तेथे घ्या. दर्यापूर-मूर्तिजापूरकडील एखाद्या घरात, रात्री साडेआठ वाजता, जुन्या फोनावर घ्या. आणि तो फोन स्वतःच्या हाती न धरता घरातील सर्वांत वडील माणसाच्या हाती द्या. ते माणूस चित्रपट संपेपर्यंत बसले आणि पुढच्या रविवारची वेळ त्याने आपण होऊन विचारली, तरच ती सोय बाजारात आणा.